एकच आकडा, तीन पिढ्या : बीएमआय वाचताना वयाचा विचार

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यात, मुंबई–नागपूर महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव आहे. कपाशी, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या या परिसरातील एक घर आपण डोळ्यांसमोर आणू या. हे घर कल्पित आहे. परंतु अशी घरे गावोगावी आहेत. घरात चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा आहेत, पस्तिशीची सून आहे आणि सात वर्षांची नात आहे. गावात आरोग्य शिबिर भरले म्हणून तिघेही तेथे गेले. वजन झाले, उंची मोजली गेली आणि प्रत्येकाच्या कागदावर एक आकडा लिहिला गेला. योगायोग असा की तिघांचाही आकडा सारखाच निघाला : 21. कागदाच्या तळाशी छापलेल्या तक्त्यात 18.5 ते 23 यांच्यासमोर ‘योग्य’ असा शब्द होता. तिघेही समाधानाने घरी परतले.

वाचकहो, या तिघांपैकी समाधान मानण्याचा अधिकार केवळ सुनेला होता. नातीचे वजन तिच्या वयाच्या मानाने फार वाढलेले होते आणि आजोबा हळूहळू खंगत चालले होते. आकडा एकच असूनही त्याचे अर्थ तीन झाले, हे कसे, याचा उलगडा प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हा आकडा आला कोठून?

बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय, काढण्याची रीत सोपी आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे. सुनेचे वजन साडेअठ्ठेचाळीस किलो व उंची 152 सेंटीमीटर, म्हणजे 1.52 मीटर. 1.52 गुणिले 1.52 म्हणजे 2.31, आणि 48.5 भागिले 2.31 म्हणजे 21.

हे सूत्र मांडणारे अडॉल्फ केटले हे बेल्जियमचे गणिती व संख्याशास्त्रज्ञ होते. 1830 च्या दशकात ‘सरासरी मनुष्य’ कसा असतो याचा शोध घेताना त्यांच्या ध्यानात आले, की प्रौढ माणसांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यांना एखाद्या रुग्णाचे निदान करावयाचे नव्हते. समाजाचे मोजमाप करावयाचे होते. पुढे 1972 मध्ये अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. त्यांचा अभ्यासही प्रौढ पुरुषांवरचा होता.

म्हणजेच या मापाचा जन्म प्रौढ माणसांच्या समूहाकडे पाहून झाला. वाढत्या वयाचे बालक आणि वाकत चाललेला वृद्ध यांच्यासाठी ते मुळात घडवलेलेच नव्हते. शिवाय वजनकाटा हाड, स्नायू, पाणी आणि चरबी यांत भेद करीत नाही. वयानुसार शरीरातील या घटकांचे प्रमाण मात्र सतत बदलत असते. सारा घोटाळा होतो तो येथेच.

बालकाचा आकडा : तक्ता वेगळाच हवा

जन्मानंतर पहिल्या वर्षभरात बाळ गुटगुटीत होते व त्याचा बीएमआय वाढतो. मूल चालू-धावू लागले की त्याची उंची झपाट्याने वाढते, अंगावरची चरबी झडते आणि बीएमआय खाली येऊ लागतो. साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. त्यानंतर तो पुन्हा वर चढू लागतो आणि तारुण्यापर्यंत चढत राहतो. म्हणून मुलांसाठी एकच एक ‘योग्य आकडा’ सांगता येत नाही. प्रत्येक वयाला, आणि मुलगा की मुलगी यानुसार, वेगळा आकडा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 ते 19 या वयोगटासाठी 2007 मध्ये असे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचा मध्यम बीएमआय 15.4 आहे. 17.3 च्या पुढे वजन अधिक मानले जाते आणि 19.8 च्या पुढे स्थूलता. आपल्या कल्पित घरातील नातीची उंची 120 सेंटीमीटर व वजन 30 किलो, म्हणजे बीएमआय सुमारे 21. प्रौढांच्या तक्त्यात जो आकडा ‘योग्य’ ठरतो, तोच या वयात स्थूलतेच्या रेषेपलीकडचा आहे.

याच्या उलटही घडते. 15 हा आकडा पाहून सात वर्षांच्या मुलीची आई घाबरते, कारण प्रौढात 15 म्हणजे गंभीर कुपोषण. त्या वयात मात्र 15 हा अगदी साधारण आकडा आहे. अशा मुलीला ‘अंग धरावे’ म्हणून बळेच तूप-साखर चारण्याचे काही कारण नाही.

भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, 2015 मध्ये 5 ते 18 वयोगटाचे सुधारित तक्ते दिले. या कामात पुण्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. भारतीय प्रौढांत धोका कमी आकड्यापासूनच सुरू होतो, हे लक्षात घेऊन या तक्त्यांवर दोन वक्ररेषा आखल्या आहेत. मोठेपणी 23 व 27 या आकड्यांशी जुळणाऱ्या रेषा बालपणात कोठून जातात, हे त्या दाखवतात. मुलाच्या वयासमोर त्याचा बीएमआय टिंबाने मांडावयाचा आणि टिंब कोणत्या रेषेवर पडते ते पाहावयाचे, इतकेच काम उरते.

एका टिंबापेक्षा टिंबांची वाट अधिक बोलकी असते. दिल्लीत 1969 ते 1972 या काळात जन्मलेल्या बालकांचा माग संशोधकांनी त्यांच्या तिशीपर्यंत ठेवला आणि 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना पुढे मधुमेह वा त्याची पूर्वावस्था जडली, ते साधारणतः दोन वर्षांपर्यंत हडकुळेच होते. नंतर मात्र त्यांचा बीएमआय इतरांपेक्षा लवकर वळला आणि भराभर वाढत गेला. बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी एकही मूल स्थूल म्हणण्याजोगे नव्हते. धोका त्यांच्या आकड्यात दिसत नव्हता. तो आकड्याच्या चालीत होता. म्हणून शाळेतील आरोग्य तपासणीत दरवर्षी मिळणारी नोंद फेकून न देता एका वहीत लिहून ठेवावी, अशी आमची पालकांना विनंती आहे.

पाच वर्षांखालील बालकांची गोष्ट आणखी निराळी. अंगणवाडीत सेविका वजन, उंची आणि दंडाचा घेर घेतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानतात. या वयात अंगणवाडीची नोंद हीच विश्वासाची. घरी बीएमआयचा हिशेब करीत बसू नये.

प्रौढाचा आकडा : बारीक दिसणारी स्थूलता

सुनेचा 21 हा आकडा ठीक आहे, असे आम्ही वर म्हटले. तिच्या वयात प्रौढांचा तक्ता बऱ्यापैकी लागू पडतो. तरीही तो कोणता तक्ता आहे हे पाहावे लागते. अनेक ठिकाणी 25 पर्यंतचा बीएमआय ‘योग्य’ लिहिलेला असतो. आशियाई लोकांत त्याहून कमी वजनावरच मधुमेह व हृदयविकार आढळतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने 2004 मध्ये त्यांच्यासाठी 23 हा सावधगिरीचा टप्पा सुचविला. भारतीय तज्ज्ञांनीही 2009 मध्ये 23 च्या पुढे अधिक वजन व 25 च्या पुढे स्थूलता असे ठरवले.

याचे एक बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचीच मापे 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह मांडली. दोघांचाही बीएमआय नेमका 22.3 होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. डॉ. याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून केलेल्या अभ्यासात असेही दिसले, की आपल्याकडील बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच लहान असतात. त्यांचे स्नायू कमी भरतात. चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. आपली ही ठेवण जन्मापासूनची आहे.

वय वाढते तसा या ठेवणीचा परिणाम ठळक होतो. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतात, असे मानले जाते. त्यांची जागा चरबी घेत राहिली, तर काट्यावरचे वजन वर्षानुवर्षे तेच राहते आणि माणूस ‘माझे वजन लग्नात होते तेवढेच आहे’ असे अभिमानाने सांगतो. स्त्रियांमध्ये पाळी बंद झाल्यावर चरबी मांड्या व नितंबांऐवजी पोटाकडे साठू लागते. बीएमआय हे काहीच दाखवत नाही. कमरेचा घेर ते दाखवतो.

म्हणून चाळिशीच्या पुढे बीएमआयच्या जोडीला शिंप्याकडची फीत हवी. पुरुषांत 90 सेंटीमीटर व स्त्रियांत 80 सेंटीमीटर ही कमरेची मर्यादा भारतीयांसाठी मानली जाते. आशाताई तिशीपुढील व्यक्तींचा जो जोखीम-अर्ज भरून घेतात, त्यातही वयाचे गुण आणि कमरेच्या घेराचे गुण स्वतंत्रपणे धरलेले आहेत; बीएमआयचा रकाना त्या गुणांत नाही. घेर घेताना लाजून पोट आत ओढू नये. सहज श्वास सोडल्यावर येणारे माप हेच खरे.

वृद्धाचा आकडा : येथे कमी म्हणजे चांगले नव्हे

आता आजोबांकडे वळू या. त्यांच्यासाठीच हा लेख लिहावा असे आम्हाला वाटले. कारण नात लठ्ठ होऊ लागली तर चार माणसे बोलून दाखवतात, पण आजोबा वाळत चालले तर ‘वय झाले, आता असेच व्हायचे’ म्हणून सारे गप्प बसतात.

आजोबांची आजची उंची 160 सेंटीमीटर व वजन 54 किलो आहे. यातली उंचीच पहिल्यांदा फसवते. वयानुसार मणक्यांमधील चकत्या झिजतात, हाडे ठिसूळ होऊन मणके दबतात, पाठीला पोक येतो. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे अनेक वर्षे चाललेल्या अभ्यासात असे आढळले, की तिशीपासून सत्तरीपर्यंत पुरुषांची उंची सरासरी तीन सेंटीमीटरने व स्त्रियांची पाच सेंटीमीटरने घटते. ऐंशीपर्यंत ही घट अनुक्रमे पाच व आठ सेंटीमीटरपर्यंत जाते. सूत्रात उंची खाली असल्यामुळे ती कमी झाली की बीएमआय आपोआप वाढतो, अंगावर एक तोळाही न चढता. आपल्या आजोबांची तरुणपणची उंची 164 सेंटीमीटर होती. त्या उंचीने हिशेब केला तर त्यांचा बीएमआय 21 न येता 20 येतो. पोक आलेल्या आजींच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा असतो. अशा वेळी डॉक्टर हात पसरून वावेची लांबी किंवा गुडघ्याची उंची मोजतात आणि त्यावरून मूळ उंचीचा अंदाज बांधतात.

दुसरी गोष्ट योग्य मर्यादेची. पासष्ट वर्षांपुढील सुमारे 1 लाख 98 हजार लोकांच्या नोंदी एकत्र करून 2014 मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात 23 ते 23.9 बीएमआय असलेल्यांच्या तुलनेत 21 ते 21.9 असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका 12 टक्क्यांनी आणि 20 ते 20.9 असलेल्यांमध्ये 19 टक्क्यांनी अधिक निघाला. वरच्या बाजूला धोका वाढू लागला तो 33 च्या पुढे. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य लोकांवरचे आहेत. त्यामुळे 33 ची मर्यादा आपल्याला जशीच्या तशी घेता येणार नाही. खालच्या बाजूचा इशारा मात्र आपण गांभीर्याने घ्यावा. वृद्धांचे पोषण तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीत बीएमआयचे पूर्ण गुण 23 वा अधिक असल्यासच मिळतात; 19 च्या खाली एकही गुण मिळत नाही.

उतारवयात थोडे अधिक वजन राखणारे का टिकतात? आजारपणात आठवडाभर अन्न गेले नाही, तर शरीराला गंगाजळीतून खर्च करावा लागतो. ज्याच्याकडे शिल्लकच नाही तो खचतो. पडझड झाली तर अंगावरचे मांस हाडाला उशीसारखे सांभाळते. शिवाय अनेकदा कृशपणा हे आजाराचे कारण नसून आधीच आत लपलेल्या आजाराचे लक्षण असते. याचा अर्थ म्हाताऱ्यांनी लठ्ठ व्हावे असा मुळीच नाही. मधुमेह, गुडघेदुखी आणि धाप असलेल्यांना वजनाचा त्रास होतोच. पण सत्तरीच्या माणसाने उपाशी राहून वजन उतरवू नये. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेला स्नायू सहज परत येत नाही.

आपल्या देशात ही भीती पोकळ नाही. 2017-18 मध्ये झालेल्या वृद्धत्वविषयक राष्ट्रीय पाहणीत साठीपुढील चौथ्याहून अधिक लोक कमी वजनाचे आढळले. याउलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांच्या बीएमआयचे जे आकडे वृत्तपत्रांतून येतात, ते 15 ते 49 वयोगटाचे असतात. आजी-आजोबा त्या आकड्यांत नसतातच.

घट किती, केव्हापासून, कशामुळे?

आजोबांच्या कागदावर सर्वांत महत्त्वाची माहिती लिहिलेलीच नव्हती. गेल्या वर्षी त्यांचे वजन 58 किलो होते. वर्षभरात चार किलो, म्हणजे जवळपास सात टक्के घट झाली. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले, तर बीएमआय कितीही ‘योग्य’ असो, डॉक्टरांना दाखवावे. साठ किलोच्या माणसात पाच टक्के म्हणजे तीन किलो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

कारणे पुष्कळ असतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी. मधुमेह, थायरॉइड, कर्करोग यांचीही तपासणी लागू शकते. कित्येकदा कारण साधे असते : दात पडले, भाकरी चावत नाही, कवळी टोचते, एखाद्या औषधाने तोंडाची चव गेली. आणि कित्येकदा ते मनाचे असते. जोडीदार गेला, मुले कामानिमित्त पुण्या-मुंबईकडे गेली. एकट्यासाठी चूल कोण पेटवणार, म्हणून रात्री चहा-बिस्किटांवर भागते. हे दुःख काट्यावर किलोंच्या भाषेत उमटते, पण बीएमआयचा तक्ता ते वाचून दाखवत नाही.

घरी करता येण्याजोग्या दोन साध्या परीक्षा आहेत. पहिली, पोटरीचा घेर. आशियाई वृद्धांसाठी 2019 मध्ये ठरलेल्या निकषांनुसार पुरुषांत 34 व स्त्रियांत 33 सेंटीमीटरहून कमी घेर स्नायूक्षयाची शंका दाखवतो. पायाला सूज असेल तर हे माप फसवे ठरते. दुसरी, खुर्चीची परीक्षा. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून लागोपाठ पाच वेळा उठावे व बसावे; त्याला बारा सेकंद वा अधिक लागले तर स्नायूंची ताकद घटली आहे असे समजावे. ही परीक्षा घेताना शेजारी कोणीतरी उभे असावे.

उपाय खर्चिक नाहीत. निरोगी वृद्धाला दर किलो वजनामागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात, असे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. घट्ट वरण, मुगाची खिचडी, दूध, दही, अंडी, शेंगदाण्याचा कूट हे दिवसभरात वाटून द्यावे. दात नसतील तर ज्वारीची भाकरी दुधात वा वरणात कुस्करून त्यांचा आवडता काला करून द्यावा. तोही पातळ आमटीत न करता दाट वरणात. त्यासोबत रोज चालणे, आणि धरून का होईना उठ-बस करणे हवे. कारण नुसत्या अन्नाने स्नायू बनत नाही, त्याला काम द्यावे लागते.

समारोप

2025 च्या आरंभी जगभरातील तज्ज्ञांच्या एका आयोगाने असे सुचविले, की एका व्यक्तीच्या स्थूलतेचे निदान केवळ बीएमआयवरून करू नये. कमरेच्या घेरासारखे दुसरे माप त्याच्या जोडीला घ्यावे. आकडा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. तो फुकट मिळतो, पटकन मिळतो आणि पुढे कोणता प्रश्न विचारावा हे सुचवतो. मुलाच्या बाबतीत तो प्रश्न ‘या वयाच्या रेषेवर टिंब कोठे आहे?’ असा आहे. प्रौढाच्या बाबतीत ‘कंबर किती?’ असा आहे. वृद्धाच्या बाबतीत तो आहे, ‘गेल्या वर्षी वजन किती होते, आणि आज खुर्चीतून उठता येते का?’

धर्मग्रामात वा गावात पुढच्या वेळी आरोग्य शिबिर भरेल, तेव्हा घरातील थोरांना आवर्जून सोबत न्यावे आणि त्यांच्या कागदावर आकड्याशेजारी वय, तारीख व मागील वजन लिहून घ्यावे. ‘तब्येत उतरली हो तुमची’ हे वाक्य आपण वडीलधाऱ्यांना वाटेत सहज म्हणून जातो. यापुढे ते म्हटल्यावर क्षणभर थांबावे, आणि ते काय जेवतात, कोणाबरोबर जेवतात, हेही विचारावे.